दक्षिण तटावरून घरी

परिक्रमेच्या तेहतिसाव्या दिवशी मी एका आश्रमाच्या ओट्यावर बसून उजव्या पायाचा मोजा काढला, तेव्हा मोजा टाचेला चिकटलेला होता. पाणी लावून तो सोडवला. खालची जखम बघितली आणि पहिला विचार मनात आला तो असा, की बरं झालं, आता थांबायला कारण मिळालं. हा विचार मी कुणाला सांगितला नाही. बायकोलाही नाही. पण तो आला होता, हे कबूल केल्याशिवाय पुढचं काही खरेपणाने सांगता येणार नाही.

मी एका कारखान्यात पस्तीस वर्षं भांडार सांभाळलं. परळची खोली सोडून भाईंदर पूर्वेला घर घेतलं, मुलीचं लग्न केलं, निवृत्त झालो आणि त्रेसष्टाव्या वर्षी बायकोला, सुनंदाला, बरोबर घेऊन नर्मदेची पायी परिक्रमा करायला निघालो. मार्गशीर्षात ओंकारेश्वरला संकल्प सोडला आणि मैयाला उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने पश्चिमेकडे चालू लागलो. सुरुवातीचे आठ-दहा दिवस अंगात उत्साह होता. मग तो ओसरला आणि नुसतं चालणं उरलं. पहाटे उठायचं, थंड पाण्याने अंघोळ, पूजा, पाठीवर पिशवी, दुपारी कुणी दिलेली भाकरी, संध्याकाळी कुठल्या तरी देवळाच्या फरशीवर अंग टाकायचं. सुनंदा माझ्या पुढे चालायची. तिचं वजन जणू दिवसागणिक कमी होत होतं आणि माझं वाढत होतं. वाटेतल्या बायकांशी ती दोन मिनिटांत बहिणीसारखी बोलायला लागायची. मी मनातल्या मनात जप मोजायचो आणि किती चाल उरली ते मोजायचो.

मला मधुमेह आहे. टाचेला फोड कधी आला आणि कधी फुटला ते मला कळलंही नव्हतं. आश्रमातल्या महाराजांनी जखम बघितली आणि शांतपणे म्हणाले, "बाबूजी, घर जाइए. इलाज कराइए. मैया कहीं नहीं जा रही. जहाँ रुके हैं, वहीं से फिर उठाइए." मी विचारलं, परिक्रमा खंडित नाही का होणार? ते हसले. परिक्रमेत मैया ओलांडायची नसते, पण मुंबई तिच्या दक्षिणेलाच आहे, तिला न ओलांडता घरी जाता येतं, हे त्यांनीच मला सांगितलं. तेहतीस दिवस नदीकाठाने चालूनही हा साधा नकाशा माझ्या लक्षात आला नव्हता. तरी मन मानत नव्हतं. मैयाने मला नाकारलं, असंच वाटत राहिलं. सुनंदाने पिशव्या भरल्या. अंकलेश्वरहून गाडी पकडली आणि दुपारी आम्ही आमच्या इमारतीच्या जिन्यात उभे होतो.

समोरच्या भाभींनी दार उघडलं. "अरे अंकल, इतनी जल्दी हो गया?" त्यांच्या विचारण्यात काही खोच नव्हती. महिन्याभरापूर्वी याच भाभींनी आम्हाला ओवाळून निरोप दिला होता, सोसायटीतल्या लोकांनी हार घातले होते, पाया पडले होते. मी पायाकडे बोट दाखवलं आणि कुलूप उघडलं. घरात बंद राहिल्याचा वास होता. सुनंदाने खिडक्या उघडल्या, देवासमोर दिवा लावला आणि वरणभाताचा कुकर चढवला. मी पलंगावर बसलो. महिनाभर जमिनीवर झोपलेल्या माणसाला गादी टोचते, हे तेव्हा समजलं.

संध्याकाळी केतकी आली.

केतकी आमची एकुलती एक. छत्तीस वर्षांची आहे, मीरा रोडला राहते, रिक्षाने पंधरा मिनिटांवर. तिने आल्या आल्या आईला मिठी मारली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय. साडेदहाला रिक्षा घेऊन येते." मग स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. डॉक्टरांनी जखम साफ केली, औषधं दिली आणि मला चांगलंच सुनावलं, की अजून चार दिवस चालला असता तर पायाचं काय झालं असतं सांगता येत नाही. दोन आठवडे तरी विश्रांती, रोज ड्रेसिंग. केतकीने सगळं नीट लिहून घेतलं. औषधं आणली, मऊ चप्पल आणली, ड्रेसिंग कसं करायचं ते आईला समजावून सांगितलं. त्यानंतर रोज संध्याकाळी यायची, डबा घेऊन. काही राहिलं असं नव्हतं. फक्त ती माझ्याशी बोलत नव्हती. विचारलेल्याला उत्तर द्यायची, त्याच्या पलीकडे एक शब्द नाही. नर्स पेशंटशी वागते तशी वागत होती. चांगली नर्स.

मला त्याचं कारण माहीत होतं.

केतकीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली आहेत. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. मधे बरेच उपचार झाले, इंजेक्शनं, तपासण्या, मोठ्या डॉक्टरांकडे खेपा. शेवटच्या वेळी पाचवा महिना होता. त्यानंतर तिने घरात सांगून टाकलं, की आता या विषयावर कुणी बोलायचं नाही. सगळ्यांनी ते पाळलं. मीही पाळलं, निदान तोंडाने. पण परिक्रमेचा संकल्प सोडताना ओंकारेश्वरच्या गुरुजींनी विचारलं, कशासाठी, तेव्हा मी तिचं नाव, तिच्या नवऱ्याचं, निखिलचं नाव, गोत्र सांगून म्हणालो, मुलीला संतान व्हावं म्हणून. सुनंदा शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि हातातलं पाणी सोडलं. गोष्ट तिथेच राहिली असती. पण मी ती त्याच दिवशी फोनवर माझ्या चुलतभावाला सांगितली आणि त्याने भाबडेपणाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की केतकीची ओटी भरावी म्हणून दादा-वहिनी एवढ्या वयात परिक्रमा करताहेत, सर्वांनी प्रार्थना करा. खाली चाळीस जणांनी हात जोडले. केतकी त्याच दुपारी ग्रुपमधून बाहेर पडली आणि तिने मला फोन करणं बंद केलं. आईला करायची.

मला राग आला होता. बापाने मुलीसाठी देवाकडे मागितलं यात काय वाईट? मी हे पाय झिजवतोय ते कुणासाठी? हा राग घेऊन मी तेहतीस दिवस चाललो. जप चालू असायचा आणि खाली हा राग चालू असायचा. घरी आल्यावर गादीवर पडून मी तोच उगाळत होतो. जखम भरून येत होती, मी मात्र दिवसेंदिवस थकत चाललो होतो. सकाळी उठून पूजेला बसायचं तर अंग उचलवेना. माळ हातात घेतली की बोटं थांबायची. मैयाला काय सांगायचं तेच कळत नव्हतं.

संक्रांत नुकतीच झाली होती. सुनंदाची मामेबहीण भाईंदरजवळच्या राई गावात दिलेली आहे, तिथल्या जुन्या शेतकरी घरात. तिच्याकडे हळदीकुंकू होतं. सुनंदा म्हणाली, "अहो, तुम्हीही चला. रिक्षाने जायचं, रिक्षाने यायचं. घरात बसून तुमचं तोंड बघवत नाही." मी गेलो. पण तिथे बायकांचा घोळका, वाण, उखाणे, त्यात मी काय करणार. साडू कुठे बाहेर गेले होते. म्हटलं, जरा खाडीकडे जाऊन बसतो. दुसरी रिक्षा मिळाली, शेजारच्या मुर्धा गावाच्या पुढे खाडीच्या बांधापाशी उतरलो आणि तिवरांच्या कडेने थोडं लंगडत चाललो. पूर्वी तिथे मिठागरं होती. आता काही खाचरं नुसती पाणी धरून पडली आहेत आणि मागे उंच इमारतींचं काम चाललंय. ओहोटी होती. चिखलाचा वास येत होता. एक होडी आडवी पडली होती, तिच्या सावलीत एक म्हातारा जाळं निवडत बसला होता. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी मोठा असेल. डोक्याला रुमाल, अंगात बनियन, काळीभोर पावलं.

मी त्याच्या समोरून गेलो, तसा तो जाळ्यातून डोकं न काढता म्हणाला, "पाय उचलूनशान चालतंस तू. म्हनून दुखतंय."

कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मला कुणा अनोळखी माणसाने तू म्हटलं नव्हतं. त्या गावांत सगळ्यांनाच तू म्हणतात, त्यात अनादर नसतो. मी थांबलो. म्हणालो, टाचेला जखम आहे, टेकवत नाही.

"त्या पायाची न्हाय सांगत. दुसऱ्याची सांगतंय. चांगला पाय पन तू टेकत न्हायस. बस."

मी बसलो. त्याने माझ्या डाव्या पायाची चप्पल स्वतःच काढली आणि पाऊल उचलून मांडीवर घेतलं. मला संकोच झाला. मी पाय मागे घेऊ लागलो, तर त्याने नुसतं घोट्याला धरून ठेवलं. त्या टाचेला लांब भेगा पडल्या होत्या. मी सगळं लक्ष उजव्या पायाला दिलं होतं, डाव्याकडे बघितलंच नव्हतं. म्हाताऱ्याने होडीतल्या डब्यातून कोकमाच्या तेलाचा पांढरा गोळा काढला, हातावर चोळून मऊ केला आणि एकेका भेगेत अंगठ्याने भरू लागला. चाळीस वर्षं मिठागरात काढली म्हणाला. खाऱ्या पाण्याने पाय फाटायचे, रोज दिवेलागणीला घरी हेच तेल. उजव्या पायाच्या पट्टीला त्याने बोट लावलं नाही. "ती डॉक्टरची हाय, ऱ्हाऊंदे," म्हणाला.

मग त्याने विचारलं, एवढं कुठं चाललास. मी परिक्रमेचं सांगितलं. त्याला नर्मदा ऐकून माहीत होती. मग म्हणाला, "कोनासाठी चालतंस?"

"मुलीसाठी."

"तिनं सांगलंय चालायला?"

"नाही."

"तिला ईचारलंस?"

तो दुसऱ्या भेगेकडे वळला आणि मला नाही, पायालाच सांगत असल्यासारखा बोलू लागला. त्याचा थोरला मुलगा विशीत असताना बोटीवर नोकरीला जाणार होता, परदेशी. सगळं ठरलं होतं. याला ते नको होतं. याने गावदेवीला नवस केला, की पोरगा राहिला तर तुला साडीचोळी, नारळाचं तोरण. पोराची नोकरी कशावरून तरी फिसकटली. तो राहिला. इथेच लग्न झालं, इथेच नातवंडं झाली, सगळे एका घरात आहेत.

"देवीनं ऐकलां," म्हातारा म्हणाला. "पोरगा ऱ्हायला. पन माज्याशी बोलत न्हाय. तीस वर्सां झाली. जेव म्हनतो, औषद घे म्हनतो. बोलत न्हाय."

त्याने माझा पाय खाली ठेवला, चप्पल पुढे सरकवली आणि पुन्हा जाळं हातात घेतलं. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? तो म्हणाला, "मी काय करनार. म्हातारा झालो. तू अजून चालतंस ना, तू जा."

एवढंच झालं. आणखी काही घडलं नाही, आभाळ उजळलं नाही, कुठे घंटा वाजली नाही. मी उठलो आणि रस्त्याकडे चालू लागलो. डावा पाय पूर्ण टेकून चालल्यावर कंबरेचा ताण सैल झाला, हे मात्र लगेच जाणवलं. राईला पोहोचेपर्यंत रिक्षात मी डोळे मिटून बसलो होतो. तेहतीस दिवस मी मैयाशी बोलत होतो आणि तिच्याकडून काही उत्तर येत नाही म्हणून खट्टू होत होतो. माझं मला कळलं, की ज्या मुलीच्या नावाने मी पाणी सोडलं तिच्याशी मी एकदाही बोललो नव्हतो.

त्या संध्याकाळी केतकी आली तेव्हा सुनंदा अजून बहिणीकडेच होती. मी मुद्दामच एकटा परत आलो होतो. केतकीने डबा ठेवला, ड्रेसिंगचं सामान टेबलावर मांडलं आणि आईची वाट बघत उभी राहिली. मी म्हणालो, "केतकी, बस. मला तुझ्याशी बोलायचंय." ती खुर्चीच्या कडेला बसली. मी किती तरी वाक्यं मनात जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. म्हणालो, "तुला न विचारता तुझ्या नावाने मागितलं. ते माझं चुकलं. आणि ते चारचौघांत गेलं, तेही माझ्यामुळे."

तिने टेबलावरची पट्टी उचलून पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबा, मागितलंत त्याचं एवढं नाही. ग्रुपचंही नाही. दुसऱ्या वेळेला मी हॉस्पिटलमध्ये होते, आठवतंय? आई आत होती. निखिल आत होता. तुम्ही बाहेर बाकावर जप करत होतात. मी आईला सांगितलं, बाबांना बोलाव. तुम्ही म्हणालात, माळ पूर्ण करून येतो."

मला ते आठवत नव्हतं. खरं तर बाक आठवत होता, माळ आठवत होती, हे वाक्य आठवत नव्हतं. पण ती सांगत होती म्हणजे मी ते बोललो होतो.

"मला तेव्हा जप नको होता. तुम्ही हवे होतात. आणि आता परत तेच. एवढं चालताय, पाय सडवून घेताय, सगळं माझ्यासाठी. पण माझ्या जवळ कुठे येताय तुम्ही?"

मी तिला विचारलं, तुला काय हवंय? आयुष्यात पहिल्यांदा विचारलं असेन. ती म्हणाली, तिने आणि निखिलने दीड वर्षापूर्वीच ठरवलंय, आता उपचार नाहीत, वाट बघणंही नाही. "मला कसलीच वाट नाही बघायची आता. मला बरं वाटायला लागलं होतं, बाबा. तेवढ्यात चाळीस लोकांनी माझ्यासाठी हात जोडले."

मग ती रडली. मीही रडलो. मी उठून तिच्याजवळ जायला लागलो तर ती म्हणाली, उभे राहू नका, पाय. आणि तीच खाली बसली, माझा पाय स्टुलावर घेतला आणि पट्टी सोडू लागली. मी घरी परत आल्यापासून तिने माझ्या जखमेला पहिल्यांदा हात लावला. आम्ही दोघंही खूप दमलो होतो. सुनंदा आली तेव्हा आम्ही दिवे न लावता बसलो होतो. तिने दिवा लावला आणि तिघांसाठी चहा टाकला. चहा पिताना एवढंच म्हणाली, "मी ओंकारेश्वरला पाणी सोडलं ते नुसतं चालायला मिळावं म्हणून सोडलं. तुम्ही मला विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही."

पुढच्या दोन आठवड्यांत पाय बरा झाला. डॉक्टरांनी अटी घालून परवानगी दिली. रोज पाय तपासायचे, साखर तपासायची, दुखलं की थांबायचं. निघण्याआधी मी दोनदा मुर्ध्याला जाऊन आलो. पहिल्यांदा होडी होती, म्हातारा नव्हता. दुसऱ्यांदा जवळच्या घरात विचारलं तर त्याची सून बाहेर आली. म्हणाली, "आजा उत्तनला गेलाय बहिनीकडं. कवा येल सांगता येत न्हाय." मी तिच्याकडे तिळाच्या लाडवांचा डबा दिला आणि आलो. हे मुद्दाम सांगतो, कारण मी ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली त्यांतले काही जण म्हणाले, तो म्हातारा कोणी साधा माणूस नव्हे, मैयानेच पाठवलेला. असेल. पण त्याला घर आहे, सून आहे, न बोलणारा मुलगा आहे. मैयाला माझ्यासाठी कुणाला पाठवायचं असेल तर तिने माझ्याइतकाच चुकलेला माणूस पाठवला, आणि त्याच्या हातात तेल दिलं, हे मला पुरेसं वाटतं.

निखिलने गाडी काढली. आम्ही चौघं त्याच आश्रमात परत गेलो. महाराजांनी पाय बघितला आणि मान डोलावली. सकाळी काठावर उतरून मी पाण्यात हात घातला. आधी केलेली मागणी कशी परत घेतात, त्याचा विधी मला माहीत नव्हता, कुणाला विचारलाही नाही. मनात म्हटलं, आई, जे मागितलं ते माझं होतं, तिचं नव्हतं. ते राहू दे. तिचं काय ते तू आणि ती बघा. माझ्यासाठीही आता काही सुचत नाही. पाणी गार होतं. मी हात बाहेर काढला तेव्हा केतकी मागे उभी होती. म्हणाली, "चहाच्या टपरीपर्यंत मी येते तुमच्याबरोबर. निखिल गाडी घेऊन तिथे येईल." ते अंतर दोन तासांचं होतं. दोघी मायलेकी पुढे गप्पा मारत चालल्या आणि मी माझ्या चालीने मागून. वळणावर दोघी दिसेनाशा झाल्या की मी घाई करत नव्हतो. टपरीपाशी तिने मला वाकून नमस्कार केला नाही. मिठी मारली, लहानपणी मारायची तशी, आणि म्हणाली, "हळू चाला."

वैशाखात आम्ही ओंकारेश्वरला पोहोचलो. शेवटचे दिवस फार कठीण गेले, ऊन सोसवत नव्हतं. परिक्रमेत थकवा जातो असं लोक सांगतात. माझा गेला नाही. आजही आहे. गुडघे दुखतात, दुपारी झोप अनावर होते. पण ओझं वेगळं आणि थकवा वेगळा, एवढं मला समजलं. लोक विचारतात, मैयाने काय दिलं? केतकीला मूल झालेलं नाही आणि तिची ती इच्छाही नाही. मला नातवंड नाही, कधी असणारही नाही. तसं सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, मग मीच त्याची समजूत घालतो.

मला वाटायचं, समर्पण म्हणजे देवापुढे आपलं सगळं ठेवणं. मी माझं ठेवतच नव्हतो, दुसऱ्याचं ठेवत होतो, आणि वर त्याची पोच मागत होतो. टाच फुटली नसती तर मी तसाच पुढे चालत राहिलो असतो, परिक्रमा पुरी केली असती आणि मुलगी गमावली असती. मैयाने मला नाकारलं नव्हतं. तिने मला घरी पाठवलं होतं, कारण माझी वाट तिथे अडली होती. आता संध्याकाळी देवापुढे बसतो. काय मागितलंस म्हणून कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नसतं. हात मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ जोडलेले राहतात.